काटा साठवर, गाडी सत्तरवर

हॉस्टेलवर कोणी नवी (म्हणजे बहुतेक वेळा जुनीच!) गाडी आणली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "किती पळालीय?" आणि तिसरा रात्री मेसमधून परत येताना, जरा आवाज खाली करून, "टॉप किती मारलास?" मित्रांनो, नीट बघितलं तर ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच डबीतून येतात. हँडलवरच्या त्या गोल मीटरमधून. आणि ती डबी खरं बोलते का, हा चौथा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

वर्कशॉपमध्ये व्हर्नियर हातात घेतला की आपण आधी झिरो एरर बघतो. प्रेशर गेज कॅलिब्रेट केलेला नसेल तर प्रॅक्टिकलला सर रीडिंगच घेऊ देत नाहीत. पण त्याच आपण गेटच्या बाहेर पडलो की काट्याला देव मानतो. काटा म्हणतो साठ, म्हणजे साठ!

माझं मत सरळ आहे. ज्याने गाडीचं गिअरिंग बदललं, त्यानेच मीटरही जुळवून घेतला पाहिजे. ते जमत नसेल तर निदान फरक किती आहे ते मोजून टाकीवर लिहून ठेवलं पाहिजे. ह्यात "बघू नंतर" चालत नाही, कारण चुकीचा काटा फक्त मालकाला फसवत नाही. मागे बसलेल्याला, समोरून येणाऱ्याला आणि उद्या ती गाडी विकत घेणाऱ्यालाही फसवतो. हे मत पटवायला मी उदाहरण घेतेय ते जुन्या शाफ्ट-ड्राइव्ह मोटरसायकलींचं, कारण तिथे हा घोटाळा सगळ्यात स्वच्छ दिसतो. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे 'दंतचक्र' वगैरे शब्द मला पुस्तकातच बघावे लागतात. सरळ भिंगारच्या गॅरेजमधले शब्द वापरते, चालवून घ्या.)

शाफ्ट म्हणजे काय भानगड?

आपल्या रोजच्या बाईकला चेन असते. पुढे छोटं स्प्रॉकेट, मागे मोठं, मध्ये चेन. शाफ्ट-ड्राइव्हमध्ये चेन नसते. गिअरबॉक्समधून एक दांडा निघतो, मागच्या चाकापाशी त्याच्या टोकाला पिनियन असतं आणि ते चाकाच्या बाजूच्या क्राउनला फिरवतं. हे सगळं बंद घरात, तेलात बुडालेलं. चिखल नाही, चेन लूब्रिकेट करणं नाही, ढिली झाली म्हणून घट्ट करणं नाही.

भिंगारमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. बाजूला कॅन्टोन्मेंट, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं म्युझियम. लष्करी जीप तर इथल्या लोकांनी लहानपणापासून बघितलेली. जीपच्या मागच्या धुरीत जे क्राउन-पिनियन असतं, तेच लहान करून मोटरसायकलच्या मागच्या चाकाला लावलं की झाली शाफ्ट-ड्राइव्ह बाईक!

ही कल्पना काही नवी नाही. बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीची चार सिलिंडरची शाफ्टवाली मोटरसायकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रस्त्यावर आली होती. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आपली पहिली मोटरसायकल, आर ३२, काढली तीही शाफ्टवरच. आणि हे सगळं परदेशातच होतं असं मुळीच नाही. १९४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ह्या कंपनीने इटलीच्या इनोसेंटीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर इथे जोडायला घेतल्या. कंपनीचा कारखाना भांडुपला होता. त्यातलं सुरुवातीचं एलडी मॉडेल शाफ्टवर चालायचं. १९५८ साली इनोसेंटीने एलआय मॉडेल आणलं आणि शाफ्ट सोडून बंद पेटीतली चेन घेतली. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने महाराष्ट्रात जोडलेली शाफ्टवाली दुचाकी चालवलेली आहे.

आज अशा गाड्या रोज दिसत नाहीत हे खरं. पण मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत त्या दिसतात आणि त्या बघून आपल्यातल्या कितीतरी जणांचे डोळे चमकतात. शिवाय शाफ्टच्या बाबतीत जे खरं आहे ते तुमच्या चेनच्या बाईकलाही लागू होतं, तिकडे मी शेवटी येतेच.

घाटाचं गिअरिंग, हायवेचं गिअरिंग

क्राउनला दाते किती आणि पिनियनला किती, ह्या भागाकारावर गाडीचा स्वभाव ठरतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या दोन सिलिंडरवाल्या गाड्यांत ३२/११, ३३/११, ३७/११ असे वेगवेगळे जोड असायचे. ३२ भागिले ११ म्हणजे साधारण २.९१, शाफ्ट २.९१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ३७ भागिले ११ म्हणजे ३.३६. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि पळ कमी.

करंजी घाटात मागे मित्र, त्याची बॅग आणि गावाकडून आणलेली ज्वारीची पिशवी घेऊन चढायचं असेल तर ३.३६ बरं. सपाट हायवेवर इंजिन न किंचाळता पळायचं असेल तर २.९१ बरं. म्हणूनच १९८० साली आलेल्या आर ८० जी/एस ह्या कच्च्या रस्त्याच्या गाडीला ३७/११ दिलेलं होतं, आणि मोठ्या इंजिनाच्या रस्त्यावरच्या गाड्यांना त्याहून लांब पल्ल्याचे जोड.

चेनच्या बाईकला हे बदलणं सोपं आहे. स्प्रॉकेट बदला, दोन दाते कमी-जास्त करा, काम झालं. शाफ्टमध्ये क्राउन आणि पिनियन जोडीनेच येतात, त्यांचा खेळ (बॅकलॅश) शिम घालून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जुळवावा लागतो. एवढी कटकट कोण करणार? मग लोक काय करतात, दुसऱ्या मॉडेलचं अख्खं फायनल ड्राइव्हच उचलून बसवतात. कधी हौस म्हणून, हायवेवर जास्त पळावी म्हणून. पण बऱ्याचदा नाइलाज म्हणून, कारण जुन्या गाडीचा मूळ पार्ट मिळत नाही आणि जो मिळतो तो दुसऱ्या मॉडेलचा असतो. बोल्ट बसतात, चाक फिरतं, गाडी चालते. सगळे खूष!

फक्त एका जणाला ह्यातलं काही कळवलेलं नसतं. मीटरला.

मीटरला सांगितलं कोणी?

भिंगारमध्ये एक वयस्कर मेकॅनिक आहेत, जुन्या जीपवर हात बसलेला. त्यांना मी एकदा विचारलं, "काका, क्राउन-पिनियन बदललं की मीटर बरोबर दाखवतो का हो?" त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मीटर हुकमाचा ताबेदार. केबल जेवढी फिरेल तेवढं तो दाखवणार. मागे तू काय बदललंस ते त्याला सांगितलं कोणी?"

आमच्या मेकॅनिझम्सच्या पुस्तकातला अख्खा धडा काकांनी दोन वाक्यांत संपवला. विलीजच्या युद्धकाळातल्या एमबी जीपला ४.८८ चं (३९/८) क्राउन-पिनियन होतं आणि नंतरच्या सीजे-३बी ला ५.३८ चं (४३/८). मीटरची केबल निघते ट्रान्सफर केसमधून, म्हणजे क्राउन-पिनियनच्या अलीकडून. ५.३८ च्या जीपला ४.८८ च्या धुऱ्या लावल्या की मीटर दाखवतो त्यापेक्षा जीप दहा टक्के जोरात पळते. काकांना टक्केवारी तोंडपाठ नसेल, पण गोष्ट पक्की माहीत आहे.

बीएमडब्ल्यूच्या त्या जुन्या गाड्यांचंही अगदी हेच. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला, शाफ्टकडे जाणाऱ्या दांड्यावरून फिरते. मागच्या चाकापर्यंत तिचा हातच पोचत नाही. उलट होंडाची १९७५ सालची गोल्ड विंग जीएल १००० घ्या. तीही शाफ्टवालीच, पण तिच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. मागे काहीही बदला, काटा हलणार नाही. पुढचा टायर बदलला तरच फरक पडेल. म्हणजे "शाफ्टवाल्या गाडीचा मीटर चुकतो" असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. प्रश्न शाफ्टचा नाहीच. मीटर गती कुठून उचलतो आणि आपण बदल त्याच्या अलीकडे केला की पलीकडे, एवढाच प्रश्न आहे.

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, एम-थ्री इतकी अवघड नाही! पाच गिअरच्या त्या बीएमडब्ल्यूंचा टॉप गिअर १.५० चा. मागच्या टायरचा घेर सोयीसाठी २ मीटर धरू. इंजिन ३००० आर.पी.एम. वर आहे.

मागे ३७/११ असेल तर एकूण रेशो १.५० गुणिले ३.३६, म्हणजे साधारण ५.०५. चाक मिनिटाला सुमारे ५९५ वेळा फिरणार आणि गाडीचा वेग येतो ताशी ७१ किलोमीटर.

आता तेच फायनल ड्राइव्ह काढून ३२/११ बसवलं. एकूण रेशो ४.३६. इंजिन तेवढंच, ३००० वर. चाक मिनिटाला सुमारे ६८८ वेळा फिरतं आणि वेग होतो ताशी साडेब्याऐंशी.

आणि मीटर? गिअरबॉक्सचा दांडा दोन्ही वेळा तेवढाच फिरला. काटा दोन्ही वेळा ७१ च दाखवणार!

फरक आहे ३७ भागिले ३२ चा, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांचा. काटा चाळीसवर असताना गाडी ४६ वर. काटा साठवर असताना गाडी ६९ च्या पुढे. काटा ऐंशीवर असताना गाडी साडेब्याण्णववर. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये शिकलोय की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही त्याच हिशोबाने वाढतं. वेग साडेपंधरा टक्के वाढला की ब्रेकिंगचं अंतर जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतं. तुम्हाला वाटतं तीस मीटरमध्ये थांबू, गाडी थांबते चाळिसाव्या मीटरला. त्या मधल्या दहा मीटरमध्ये शाळेतून सुटलेलं पोर असू शकतं, उसाची ट्रॉली असू शकते.

सगळ्यात वाईट म्हणजे आपली समजूत. "कंपनीचे मीटर नेहमी थोडं जास्तच दाखवतात" हे सगळ्यांना माहीत असतं. नव्या गाडीच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. युरोपातल्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर ते खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढ्यापर्यंत चालतं. म्हणजे चूक झाली तर ती सुरक्षित बाजूला व्हावी. म्हणून आपण मनातल्या मनात पाच वजा करतो. पण फायनल ड्राइव्ह बदललेल्या त्या गाडीवर पाच वजा नाही, नऊ मिळवायला हवेत! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते असं.

किलोमीटरचा धंदा

काटा एक गोष्ट झाली. त्याच डबीत दुसरा हिशोब चाललेला असतो, किलोमीटरचा.

वरच्याच गाडीचा ओडोमीटर ५०,००० दाखवत असेल तर ती खरी पळालेली असते जवळपास ५७,८००. कोणी मुद्दाम मीटर मागे फिरवला नाही, तरी सेकंड-हँड घेणाऱ्याला सात-आठ हजार किलोमीटर कमीच दिसले. तेल बदलायची वेळ, व्हॉल्व्ह बघायची वेळ, सगळं उशिरा.

उलट बदल केला, म्हणजे ३२/११ च्या गाडीला ३७/११ लावलं, तर काटा जास्त दाखवतो. सुरक्षेच्या बाजूने बरं, पण मग ॲव्हरेजच्या गप्पा सुरू होतात. मीटरप्रमाणे लिटरला २५ येत असेल तर खरं येतं २१.६. मालक मात्र हॉस्टेलभर सांगत सुटतो, "ह्या वयातही पंचवीस देते!" काका देत नाहीत, मेकॅनिक देत नाही, पेट्रोल पंप देत नाही, देतो फक्त मीटर.

डबीच्या आत

आता कोणी म्हणेल, जुन्या मीटरचं काय घेऊन बसलात, ते तसेही गंजलेलेच असतात. बरोबर आहे, पण गंजलेला मीटर आणि गिअरिंगमुळे चुकणारा मीटर ह्यात फरक आहे, आणि तो ओळखता येतो. त्यासाठी आत काय आहे ते बघू.

केबलच्या टोकाला एक लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत एडी करंट तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. पण वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग लावलेली असते, ती तिला मागे धरते. ओढ आणि स्प्रिंग जिथे बरोबरीला येतात तिथे काटा थांबतो. जर्मनीच्या ओटो शुल्झे ह्यांनी १९०२ साली ह्याचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगातल्या गाड्या ह्याच युक्तीवर चालल्या. वयोमानाने चुंबक अशक्त झाला की काटा कमी दाखवतो. स्प्रिंग सैल पडली की जास्त दाखवतो. केबल सुकली किंवा कुठे मुडपली की काटा थरथरतो.

ओडोमीटर मात्र चुंबकावर नाही, सरळ गिअरवर चालतो. केबल इतके वेळा फिरली की आकडा एक घर पुढे. तो म्हातारा होत नाही. मोजतो नाहीतर बंद पडतो.

म्हणून निदान सोपं आहे. काटा आणि ओडोमीटर दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील तर दोष गिअरिंगचा किंवा टायरचा. ओडोमीटर बरोबर आणि काटा चूक, तर दोष डबीच्या आतला. पहिल्या रोगावर मीटर उघडून उपयोग नाही आणि दुसऱ्या रोगावर फायनल ड्राइव्ह बदलून उपयोग नाही. एवढं न बघता मीटर रिपेअर करून आणणारे आणि "तरी चुकतोच" म्हणून कपाळाला हात लावणारे कितीतरी असतात.

टायरचंही विसरू नका. ज्या गाडीचा मीटर मागच्या चाकाच्या हिशोबावर चालतो, तिथे मागे जाड, उंच टायर घातला की काटा कमी दाखवतो, आणि टायर झिजला की जास्त. नव्या टायरची सहा मिलिमीटर नक्षी घासली गेली तर साधारण दोन टक्क्यांचा फरक पडतो.

हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तपासायला लॅबही लागत नाही. तीन मार्ग सांगते.

पहिला, केबलचा. जुन्या बीएमडब्ल्यूच्या मीटरवर बारीक अक्षरात 'डब्ल्यू' आणि पुढे शून्य पॉइंट काहीतरी असा आकडा छापलेला असतो. गाडी एक मीटर पुढे गेली की केबल किती वेळा फिरायला हवी, त्याचा तो आकडा. केबल मीटरपासून सोडवा, टोकाला कागदाचा झेंडा चिकटवा, जमिनीवर खडूने बरोबर दहा मीटर आखा आणि गाडी हाताने ढकला. झेंड्याचे फेरे मोजा, दहाने भागा. मीटरवरच्या आकड्याशी जुळलं तर उत्तम. फेरे कमी भरले तर तेवढ्याच प्रमाणात मीटर कमी दाखवणार.

दुसरा, चाकाचा. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवा. इंजिनाचे फेरे मोजा. पाच गिअरच्या त्या बीएमडब्ल्यूवर साधारण पाच फेरे आले तर आत ३७/११ आहे, साधारण चार आणि एक तृतीयांशाच्या जरा वर आले तर ३२/११. विकणारा काय म्हणतो आणि कागदावर काय आहे ते बाजूला ठेवा. क्राउनच्या घरावर आकडे ठोकलेले असतात, तेही बघा, पण आतला जोड नंतर बदललेला असू शकतो. फेरे खोटं बोलत नाहीत.

तिसरा, रस्त्याचा. सकाळी लवकर, भिंगारमधून पाथर्डीकडे, चांदबीबी महालाचा डोंगर मागे टाकला की. एक जण चालवणार, दुसरा मागे बसून घड्याळ बघणार (चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही!). काटा चाळीसवर धरून ठेवायचा. खरे चाळीस असतील तर दोन किलोमीटर-दगडांमध्ये ९० सेकंद लागतील. ७८ सेकंद लागले तर तुम्ही ४६ ने जाताय. ९६ लागले तर साडेसदतीसने. एकाच दगडावर निकाल देऊ नका. रस्ता रुंद करताना दगड सरकलेले असतात, म्हणून दहा किलोमीटर मोजा आणि ओडोमीटरही ताडून बघा.

"पण आता मोबाईलवर जीपीएस आहे की!" आहेच. मीही वापरते. सरळ, उघड्या रस्त्यावर एकसारख्या वेगात तो छान काम करतो. घाटाच्या वळणावर आणि वेग झपाट्याने बदलताना मागे पडतो. पण माझा आक्षेप वेगळा आहे. जीपीएस तुम्हाला आजचा वेग सांगेल. ती गाडी उद्या जो घेईल, किंवा तुम्ही घरी गेल्यावर ज्या ज्युनिअरला चावी द्याल, त्याला समोर दिसणार आहे तो काटाच. मोजण्यासाठी जीपीएस वापरा, पण मोजून झाल्यावर काटा दुरुस्त करा.

"आम्ही इंजिनाच्या आवाजावर चालवतो" असं म्हणणारेही आहेत. जुन्या गाडीच्या मालकांचं हे लाडकं वाक्य. पण वरचीच आकडेमोड पुन्हा बघा. इंजिन ३००० वर होतं दोन्ही वेळा. आवाज तोच, वेग दोन. उलट लांब गिअरिंगवर इंजिन शांत वाटतं आणि माणूस आणखी जोरात नेतो. कानही मीटरसारखाच फसतो.

कायदा आणि आपण

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमात स्पीडोमीटरला दहा टक्के कमी-जास्तची सूट आहे. आपल्या उदाहरणातली गाडी त्या सुटीच्या बाहेर गेली, आणि तीही एकही वायर न तोडता, एकही सील न फोडता. म्हणजे फक्त दुसऱ्या मॉडेलचा चांगला, चालू, कंपनीचाच पार्ट लावून!

आणि हे सगळं कुठे, तर नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर). जिथे डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना, आपली व्हीआरडीई, आहे. नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची चाचणी ज्या मोजक्या संस्थांत करता येते त्यांच्यात १२६ व्या नियमानुसार पुण्याच्या एआरएआय सोबत आपल्या नगरच्या व्हीआरडीईचंही नाव आहे. ज्या गावात देशभरातल्या गाड्या परीक्षेला येतात, त्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरा-पोरींनी स्वतःच्या गाडीचा काटा एकदाही तपासू नये, हे मला तरी लाजिरवाणं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे शाफ्टवाली बीएमडब्ल्यू? नसू द्या. तुमच्या चेनच्या बाईकचा मीटर पुढच्या चाकातून चालत असेल तर मागचं स्प्रॉकेट बदलून त्याला काही होणार नाही, पण पुढचा टायर वेगळ्या मापाचा घातलात की होईल. आणि ज्या बाईकचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी आहे, तिथे चेन किट बदलताना दोन दाते इकडचे तिकडे केले की तोच घोटाळा, फक्त काट्याऐवजी डिजिटल आकड्यात. आकडा चमकतो म्हणून खरा होत नाही! पार्किंगमध्ये एक फेरी मारा. जाड टायर, बदललेली स्प्रॉकेट, दुसऱ्या मॉडेलचे मीटर, सगळं मिळेल. किती जणांनी नंतर मोजून बघितलं?

दुरुस्ती महागडी असतेच असं नाही. बदललेल्या गिअरिंगला जुळणारा मीटर मिळाला तर तो लावा. नाहीतर जाणकाराकडून मीटर पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या. केबलच्या मध्ये बसणारा छोटा गिअरबॉक्सही असतो, तो रेशो सुधारतो. ह्यातलं काहीच परवडत नसेल तर एक पांढरी पट्टी घ्या आणि मीटरखाली चिकटवा: काटा ४०, खरे ४६. काटा ६०, खरे ६९. दिसायला चांगलं नाही दिसणार, मान्य. पण हेल्मेटनेही केस बिघडतातच.

स्टाफला एक विनंती. आपल्या मेट्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग असा घाला की प्रत्येक बॅचने पार्किंगमधल्या एका गाडीचा मीटर तपासायचा, चुकीचं कारण गिअरिंग की डबी ते ठरवायचं आणि मालकाला सही करून आकडा द्यायचा. खर्च एका खडूचा. आणि गंमत म्हणजे हा प्रयोग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, कारण दर वर्षी गाड्या वेगळ्या!

जुनी गाडी उभी करणं ही मोठी हौस आहे आणि मला त्या हौशीचं कौतुकच आहे. रात्र-रात्र जागून बंद पडलेलं इंजिन चालू करणाऱ्या सिनिअर्सना बघूनच मी मेकॅनिकल घेतलं. पण इंजिन चालू झालं, रंग लागला, क्रोम चमकलं आणि काटा खोटा राहिला, तर त्या गाडीला रिस्टोअर केलेली म्हणता येणार नाही. मशीनमध्ये एका जागी हात घातला की दुसरीकडे काय बदललं ते बघायचं, हेच तर आपण चार वर्षं शिकतोय.

ह्या रविवारी दहा मीटरची रेघ मारा आणि गाडी ढकलून बघा. आकडा काय येतो ते मलाही सांगा!

— एक विद्यार्थिनी, टी.ई. मेकॅनिकल, भिंगार